घेवरचंदचा कारखाना मोठा होतो

जळगावात बादल्या करणारे पुष्कळ होते, पण उभी न राहणारी बादली करणारा एकच, तो म्हणजे घेवरचंद. उभी न राहणारी म्हणजे काय, तर बुडाला गोल. जमिनीवर ठेवली की लवंडलीच. हसू नका. ती आगीची बादली. रेल्वेच्या स्टेशनात नि सरकारी कचेऱ्यांत लाल रंगाच्या, वाळू भरलेल्या बादल्या आकड्याला टांगलेल्या असतात ना, त्या. बूड गोल अशासाठी की कुणी शिपायानं उचलून घरी नेलीच, तर त्याच्या बायकोला ती मोरीत ठेवता येऊ नये. सरकारनं चोराचा विचार करून बादली आखली आणि त्या बादलीवर घेवरचंदची चूल पेटायला लागली.

यातली गोम अशी, की सरकारनं घेतली नाही तर ही बादली अख्ख्या दुनियेत कुणी घेत नाही. फुकट दिली तरी घेत नाही. आणि सरकार घेणार ते दाखला असेल तरच. हातकामाच्या लहान कारखान्याचा दाखला धुळ्याच्या कचेरीतून मिळायचा, मुदत संपली की पुन्हा नवा करून आणायचा. जुने इन्स्पेक्टर घेवरचंदच्या ओळखीचे होते. ते यायचे, ओसरीवर चहा प्यायचे, गुडघेदुखीची कहाणी सांगायचे आणि सही करून जायचे. यंदा ते रिटायर झाले. इकडे भुसावळची रेल्वेची ऑर्डर तोंडावर आलेली, परसात गोल बुडाच्या बादल्या एकमेकींवर लोळत पडलेल्या, आणि दाखल्याची मुदत महिनाअखेर संपणार. दाखला गेला तर त्या बादल्यांचं काय लोणचं घालायचं, हा विचार घेवरचंदला जेवतानासुद्धा सोडेना.

आता कारखाना म्हणावा असं होतं तरी काय? घरामागच्या परसात पत्र्याची एक पडवी, पत्रा कापायची मोठी कात्री, ऐरण, चार हातोडे आणि रंगाचे डबे. कामगार किती, असं कुणी विचारलं तर घेवरचंद ऐटीत सांगायचा, दोन. त्यातला एक तो स्वतः. दुसऱ्याचं नाव तो कधी सांगत नसे, कारण दुसरा कामगार म्हणजे त्याची बायको लाडकुंवर. व्यापाऱ्याच्या घरची सून हातोडा धरते हे भाऊबंदांना कळलं असतं तर तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून दाराला आतून कडी लावून काम चालायचं. बादलीच्या कानाला रिबीट मारताना एकानं आतून लोखंड दाबून धरावं लागतं, दुसऱ्यानं बाहेरून ठोकायचं. एकट्याचं ते कामच नव्हे. कुणी आलं की लाडकुंवर ओढणी सारखी करून स्वैपाकघरात जायची आणि घेवरचंद म्हणायचा, माणूस आत्ताच जेवायला गेला. गल्लीत त्या माणसाला कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या भुकेचं मात्र सगळ्यांना कौतुक होतं.

तर घेवरचंद अर्ज द्यायला धुळ्याला गेला. एसटीनं एरंडोल, पारोळा करत, धूळ खात. कचेरीत बाकावर शेजारी एक रडवेला गृहस्थ बसला होता. शाळांना बाकं पुरवणारा. त्यानं सांगितलं, आपला दाखला नव्या साहेबानं अडवला. का, तर पाहणीला आले तेव्हा कारखान्यात शुकशुकाट होता, यंत्राला कोळ्याची जाळी. भामरे नावाचे साहेब आहेत, पिंपळनेरकडचे, तरुण आहेत, चहा पीत नाहीत, डोळ्यांनी बघतात. म्हणाला, रया गेलेली दिसली की दाखला गेला समजा.

पुढच्या गुरुवारी भामरे साहेब पाहणीला येणार, असं खिडकीतल्या कारकुनानं घेवरचंदला सांगितलं. पण परतीच्या एसटीत पारोळा मागं पडेपर्यंत त्याच्या डोक्यात असा काही उजेड पडला की तो एकटाच मांडीवर थाप मारून हसला. कंडक्टरनं वळून पाहिलं.

घरी येऊन त्यानं बायकोला बेत सांगितला. सोयरीक जुळवायला पाहुणे येतात तेव्हा आपण काय करतो? ज्याच्या घरी जे चांगलं ते आणून मांडतो. गालिचा एकाचा, चांदीची ताटं दुसऱ्याची. पाहुणेही जाणतात, आपणही जाणतो, सगळ्यांची इज्जत राहते. मग सरकार पाहायला येणार तर फाटकी सतरंजी दाखवायची का? लाडकुंवरनं सगळं ऐकून घेतलं. जे आहे ते दाखवा, ती म्हणाली, सरकारला काही मुलगी द्यायची नाही आपल्याकडे. शिवाय तिच्या वडिलांना या घरात ज्या चांदीच्या ताटात जेवू घातलं होतं ती ताटं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानचंद जेठजींच्या घरी परत गेली, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही तिनं सांगून टाकलं. घेवरचंदनं ते कानाआड केलं. तो हवेत होता.

ज्ञानचंद म्हणजे घेवरचंदचा थोरला चुलतभाऊ, डाळ मिलचा मालक, बिरादरीत ज्याचा शब्द चालतो असा माणूस. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला, घेवर, तुझी इज्जत ती माझी इज्जत. आणि त्यानं मिलची जास्तीची इलेक्ट्रिक मोटर हमालांकडून उचलून पाठवली. परसात वीज नव्हती. पण ही एवढी मोटर बघितल्यावर वीज कोण विचारतो, असं ज्ञानचंदचं मत पडलं. भादलीचा तोताराम, केळीवाला, घेवरचंदचा जुना दोस्त. त्यानं केळीचे घड उतरवणारे आपले गडी कबूल केले. कापडवाल्या रतिलालनं दुकानातली मखमली खुर्ची दिली, टेबलफॅन दिला आणि वर हात जोडून म्हणाला, अजून काही लागलं तर संकोच करू नका. कुणी गालिचा आणला, कुणी घड्याळ. घेवरचंदनं हौसेनं पाटी रंगवून घेतली, 'दि ग्रेट खान्देश बकेट वर्क्स'. पाटी पडवीपेक्षा लांब झाली, म्हणून ती शेजाऱ्याच्या भिंतीवर थोडी पुढं गेली. शेजाऱ्यानं काही म्हटलं नाही, उलट खिळा त्यानंच ठोकला.

गुरुवारी सकाळी परसात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मोटर, तिला झेंडूची माळ. भोवती तोतारामचे गडी हातोडे घेऊन बसलेले, ज्याला जे दिसेल ते बडवत. घेवरचंदनं कोट घातला होता, लग्नातला. पोट आत घेऊन बटण लावलं होतं आणि मोठा श्वास घेतला की ते उडेल म्हणून तो लहान लहान श्वास घेत होता. लाडकुंवरला त्यानं बजावलं, आज आत राहायचं. ती दाराच्या फटीतून बघत उभी राहिली.

भामरे साहेब टांग्यातून उतरले. चष्मा, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर हसू नाही. ज्ञानचंदनं पुढं होऊन स्वागत केलं, रतिलालनं खुर्ची पुढं सरकवली. साहेब अवाक होऊन बघतच राहिले. एवढी गर्दी आणि एवढा दणदणाट त्यांनी लहान कारखान्यात कधी पाहिला नसावा. एका गड्याजवळ ते थांबले. तो गडी मोठ्या मनानं एकेक तयार बादली पालथी घालून तिचं गोल बूड ठोकून सपाट करत होता. हे काय चाललंय, असं साहेबांनी विचारलं. गडी म्हणाला, काय कारागीर आहेत साहेब इथले, एकही बादली उभी राहत नाही, सकाळपासून मीच दुरुस्त करून राहिलो.

घेवरचंदला घाम फुटला. पण साहेब मोटरीभोवती एक फेरी मारून आले, मखमली खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच हसले.

"घेवरचंदजी, अभिनंदन. तुमच्यासारखी प्रगती मी या जिल्ह्यात पाहिली नाही."

घेवरचंदनं मोठा श्वास घेतला. बटण उडालं, पण त्याला पर्वा नव्हती. सभोवार सगळ्यांनी मान डोलावली, ज्ञानचंदनं तर भावाच्या पाठीवर थाप मारली. आणि साहेब त्याच गोड आवाजात पुढं सांगू लागले, की आता तुम्हाला या दाखल्याची गरजच उरली नाही. हा दाखला हातकामाच्या लहान माणसासाठी. मोटर आली, इतकी माणसं आली, म्हणजे तुम्ही मोठे झालात. आता तुम्ही मोठ्या कंपन्यांबरोबर टेंडर भरा. मी तसं आजच कळवून टाकतो.

घेवरचंदला ते समजायला थोडा वेळ लागला. मोठ्या कंपन्या म्हणजे मुंबई-कलकत्त्याच्या, दिवसाला त्याच्या वर्षभराच्या बादल्या काढणाऱ्या. मोठा म्हणवून घेणं म्हणजे घराला कुलूप. त्यानं हात जोडले आणि सरळ सांगून टाकलं, साहेब, यातलं काही माझं नाही. ही मोटर ज्ञानचंदभाईसाहेबांची, माणसं तोतारामभाऊंची, खुर्ची रतिलालभाईंची. मी लहान आहे साहेब, अगदी लहान.

आता इथं काय व्हायला हवं होतं? ज्याची वस्तू त्यानं आपली म्हणायला हवी होती. पण हे खानदानी लोक. पाहुण्यासमोर यजमानाच्या वस्तूला उसनवारीची म्हणणं म्हणजे त्याची पगडी उडवणं, ते मेले तरी करायचे नाहीत. ज्ञानचंद खळखळून हसला आणि साहेबांना म्हणाला, माझा भाऊ फार नम्र आहे, मोटर त्याचीच. घेवरचंदनं डोळ्यांनी खुणा केल्या. ज्ञानचंदला वाटलं, भाऊ इज्जत राखा म्हणतोय. त्यानं लगेच जोड दिली की आणखी एक मोटर मागवली आहे. रतिलालनं खुर्चीही घेवरभाऊंचीच सांगितली, वर फॅनसुद्धा. तोतारामनं छातीवर हात ठेवून सांगितलं की हे गडी वर्षभर इथंच राबतात, केळी म्हणजे काय ते यांना ठाऊक नाही. घेवरचंद जितका खाली बसत होता तितके ते त्याला वर उचलत होते. प्रेमाची माणसं, काय करणार? त्या प्रेमानंच बिचाऱ्याचा गळा आवळला.

भामरे साहेबांची भिवई चढली. सवलतीसाठी मोठा माणूस लहान होऊ बघतो, असं त्यांनी पुष्कळ वेळा पाहिलं असणार. पण समोरचा माणूस खरंच रडकुंडीला आलेला. साहेबांची बोली एकदम घरची, अहिराणी झाली.

"खरं सांगा बरं भाऊ, हाई बठ्ठं तुमनंच शे का?"

हे सगळं आपलं नाही, असं शपथ घेऊन सांगावं तर समोर थोरला भाऊ खोटा पडतो. घेवरचंदनं नुसतेच दोन्ही हात हवेत उचलले आणि खाली टाकले. साहेबांनी पिशवीतून पेन काढलं.

तेवढ्यात दार उघडलं. लाडकुंवर बाहेर आली, घुंगट छातीपर्यंत ओढलेला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, कारण जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, सुनेनं बोलायचं नसतं आणि ज्ञानचंद तर समोरच उभा. ती त्याच्याशी बोललीच नाही. त्याच्याकडे पाठ करून ती तोतारामकडे वळली.

"तोतारामभाऊ, तुम्हाला विहिरीवर मोटर बसवायची होती ना? ही घेऊन जा. आमचीच आहे, सगळे सांगतायत. किंमत तुमच्या मनानं द्या, साहेब साक्षीला आहेत."

तोताराम काही दूधखुळा नव्हता. त्याच्या डोळ्यांत अशी चमक आली की विचारू नका. मोटर त्याला खरंच हवी होती. आत्ताच नेऊ का वहिनी, असं विचारत त्यानं गड्यांना हाक मारलीसुद्धा. गड्यांनी हातोडे टाकले आणि मोटरीला चारी बाजूंनी हात घातला. ज्ञानचंदचा चेहरा बघण्यासारखा झाला. खानदान एकीकडे, मोटर दुसरीकडे, मधे बिचारा ज्ञानचंद. झेंडूची माळ खाली पडली, मोटर वीतभर वर उचलली गेली, आणि मग व्यापारी जागा झाला.

"खाली ठेवा. मोटर माझी आहे."

बस, एवढं व्हायचा अवकाश. लाडकुंवरनं घुंगटातूनच फॅनकडे बोट दाखवलं आणि रतिलालनं ती काही बोलायच्या आत फॅन काखेत मारला. मग जी झुंबड उडाली! गालिचावाल्यानं गालिचा ओढला, त्यावर उभा असलेला घड्याळवाला बसला, बसल्या बसल्या त्यानं आपलं घड्याळ छातीशी धरलं. इतका वेळ जे सगळं घेवरचंदचं होतं ते बघता बघता ज्याचं त्याचं झालं. ज्ञानचंद मोटरीवर हात ठेवून उभा राहिला, सोडेचना. रतिलाल मखमली खुर्चीमागं अदबीनं उभा राहिला, साहेब कधी उठतात याची वाट बघत. साहेब उठले. उठावंच लागलं, कारण ते हसून हसून वाकले होते आणि चष्मा हातात आला होता. शेजाऱ्यानंही आपल्या भिंतीवर आलेली पाटी काढून घेवरचंदच्या हातात दिली.

परस रिकामं झालं. उरली पडवी, कात्री, ऐरण, आणि बादल्यांचा ढीग, त्यातल्या काही आता सपाट बुडाच्या.

पण साहेबांनी हसू आवरलं आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. सकाळपासून त्यांनी इथं इतकं खोटं पाहिलं होतं की आता हे तरी खरं कशावरून, असं त्यांनी तोंडावर विचारलं. उद्या कुणी म्हणायचं, पडवीसुद्धा मामाची. तर माझ्यासमोर एक बादली करून दाखवा, ते म्हणाले, आणि अर्जात कामगार दोन लिहिलेत, तो दुसरा कामगार मला दाखवा.

माणूस आत्ताच जेवायला गेला, हे घेवरचंदच्या जिभेवर आलंच होतं. त्यानं समोर पाहिलं. सगळी बिरादरी दारात उभी होती, कुणी खुर्ची घेऊन, कुणी गालिचा घेऊन, हलायला तयार नाही. जेवायला गेला म्हणावं तर इज्जत राहते आणि दाखला जातो. खरं सांगावं तर उद्यापासून अख्खी गल्ली म्हणेल, घेवरचंद बायकोच्या हातात हातोडा देतो. त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. आणि मग, कसं कोण जाणे, त्याला लाजेचाच राग आला. जिनं आत्ता घर वाचवलं तिला लपवायचं? त्यानं कोट काढून खुंटीला टांगला, बाह्या सारल्या आणि बायकोकडे वळला.

"सुनो हो. या. रिबीट मारायचंय."

लाडकुंवर पुढं आली. घुंगट तसाच, पण ओढणी तिनं कमरेला घट्ट खोचली आणि ऐरणीपाशी बसकण मारली. घेवरचंदनं पत्रा कापला, वाकवला, सांधा दाबला. दोघांना एकमेकांना काही सांगावं लागत नव्हतं. तिनं आतून लोखंड धरलं, त्यानं बाहेरून ठोकलं, मग तिनं हातोडा घेतला आणि त्यानं धरलं. तिचा हात त्याच्यापेक्षा जोरात पडत होता, ते सगळ्यांनाच ऐकू आलं. दारातून कुणीतरी हळूच म्हणालं, अरे, हा तर तो जेवायला जाणारा. त्यावर ज्ञानचंदसुद्धा हसला, इच्छा नसताना. बादली झाली. लाडकुंवरनं ती जमिनीवर ठेवली. बादली लवंडली, आणि साहेबांनी तिच्याकडे फार समाधानानं पाहिलं.

"आते दिसना कारखाना," ते म्हणाले, म्हणजे आता कुठं कारखाना दिसला. ऐरणीशेजारचा रंगाचा डबा उलटा करून ते त्यावर बसले आणि लिहू लागले. कारखाना लहान. फार लहान. घेवरचंदला वाटलं, जन्मात आपला इतका मान कुणी केला नाही.

मग साहेबांनी बाईंचं नाव विचारलं. झाली का पंचाईत! चारचौघांत, त्यातही थोरल्या भावासमोर, बायकोचं नाव घ्यायची रीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, घेवरचंदनं 'सुनो हो' याच्यापलीकडे तिला हाक मारली नव्हती. तो कोटाकडे बघायला लागला. साहेब पेन उचलून थांबले. ज्ञानचंदनं मान वळवली, तेवढी त्याची कृपा.

"लाडकुंवर," घेवरचंद म्हणाला, आणि हळू आवाजात म्हणायचं ठरवलेलं ते चांगलं खणखणीत निघालं, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. घुंगटाच्या आत कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू दाबता येईना म्हणून तिनं ओढणी तोंडात धरली, तरी खांदे हलतच राहिले.

साहेबांनी नाव लिहिलं. पुढचा रकाना भरायचा होता, म्हणून ते मान वर न करता म्हणाले, यांना कामगार म्हणून लिहू की मालक? घेवरचंदनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी उत्तर आलं.

"दोन्ही लिहा, साहेब," लाडकुंवर म्हणाली.

साहेबांनी घेवरचंदकडे पाहिलं. घेवरचंदनं हातोडा उचलून पुढच्या बादलीचा पत्रा ऐरणीवर ठेवला आणि म्हणाला, तसंच लिहा, तिनं सांगितलंय ना.